मेंदूचा मार आणि आतड्यातील जिवाणू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरून दगड सुटतात व दरवर्षी शेकडो जण जखमी होतात. डोक्याला मार लागलेला रुग्ण आला की आपले सारे लक्ष त्याची शुद्ध, बाहुल्या आणि श्वास यांकडे असते; ते योग्यच आहे. मात्र त्याच वेळी त्याच्या पोटातही उलथापालथ सुरू झालेली असते.

मेंदू आणि पोट यांचे नाते वैद्यकास नवे नाही. मेंदूच्या विकारात जठरात व्रण होतात, हे हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले. उलट, यकृत निकामी झाल्यावर येणाऱ्या गुंगीमागे आतड्यातील जिवाणूंनी निर्माण केलेला अमोनिया हे एक प्रमुख कारण असते. अर्थात ही वाट दुहेरी आहे.

मेंदूस इजा होताच स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल ढळतो, आतड्याची हालचाल मंदावते आणि अस्तरातील पेशींचे सांधे सैल होतात. उंदरांत हा बदल सहा तासांत दिसला आहे. सैल झालेल्या अस्तरातून जिवाणूंचे विषारी घटक रक्तात शिरतात आणि त्यातून उद्भवणारा दाह जखमी मेंदूस अधिक घातक ठरू शकतो. तंतुमय अन्नापासून ब्युटिरेट तयार करणारे उपयुक्त जिवाणू अस्तराचे पोषण करतात. ते घटले की हे संरक्षणही दुबळे होते.

मग जिवाणू मारावेत की वाढवावेत? मारानंतर उंदरांना प्रतिजैविके दिली असता मेंदूतील नव्या चेतापेशींची निर्मिती घटली; परंतु मारापूर्वीच जिवाणू कमी केले असता हानी कमी झाल्याचेही आढळले. प्रोबायोटिक्सचेही तसेच. ओडिशातील साडेचार हजारांहून अधिक नवजात बालकांच्या अभ्यासात (२०१७) जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. पण कृत्रिम श्वासावरील २६५० रुग्णांत (२०२१) न्यूमोनिया टळला नाही. तेव्हा डोक्याच्या मारासाठी ही औषधे सरसकट लिहिण्यास आज आधार नाही.

आज करण्याजोगे मात्र पुष्कळ आहे:

१. शुद्ध हरपलेल्यास तोंडाने पाण्याचा घोटही देऊ नये.

२. प्रकृती स्थिरावताच नळीने आहार सुरू करावा. मेंदूच्या इजेविषयीच्या २०१६ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत मूलभूत उष्मांकांची गरज भागावी.

३. उघडी जखम वा जंतुदोष असल्यास प्रतिजैविके अवश्य द्यावीत. 'असू द्यावीत' म्हणून नव्हे.

४. मूल पुन्हा पुन्हा ओकत असेल, पेंगत असेल, त्यास झटका आला वा कानानाकातून पाणी-रक्त येऊ लागले, तर 'झोपू द्या, बरे वाटेल' असे म्हणत वेळ दवडू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे.

बरे होऊ लागलेल्यास ज्वारीची भाकरी, वरण, ताक आणि आपल्या सौंसर-पांढुर्ण्याचे संत्रे पोटास हितकर आहे. त्याने मेंदू भरून येतो असा दावा मात्र कोणी करू नये. मेंदूची झालेली हानी पूर्णपणे भरून काढणारे औषध आजही नाही. म्हणून पालकांना एकच विनंती: त्या दिवशी मुलांना नदीकाठापासून दूर ठेवावे.