किल्ला, कागद आणि संगणक

दिवाळी जवळ आली की हिंडलगा-बेळगाव परिसरातील अंगणांत मातीचे किल्ले उभे राहू लागतात. सहा वर्षांचे मूलदेखील उतारावर मावळा ताठ उभा करते. त्याच मुलास कागदावर डोंगर व त्यावरील झाडे काढावयास सांगावे, तर झाडे उताराशी काटकोन करून कलंडलेली दिसतात! जाँ पियाजे व बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे मर्म उलगडले आहे. मूल उभी रेषा शेजारच्या उतारावरून ठरविते. कागदाच्या कडेशी ताडून पाहण्याची दृष्टी साधारणतः आठव्या-नवव्या वर्षी येते.

हाताचाही असाच एक क्रम आहे. वर्तुळ तिसऱ्या वर्षी, अधिकचे चिन्ह चौथ्या, त्रिकोण पाचव्या, तर शंकरपाळ्याचा आकार सहाव्या-सातव्या वर्षी जमतो. तिरप्या रेषा सर्वांत उशिरा वश होतात.

आता प्राथमिक वर्गांतच संगणकावर आकृत्या व आराखडे शिकविले जातात. त्यास माझा विरोध नाही. पडद्यावरील घर फिरवून मागची बाजू पाहता येते, चुकलेले क्षणात पुसता येते. भित्र्या मुलास तर हे वरदानच. पियाजेंसमवेत जिनिव्हात काम केलेल्या सेमूर पेपर्ट यांनी १९६७ साली सहकाऱ्यांसह ‘लोगो’ ही संगणकभाषा घडविली. तीत मुलाने ‘इतकी पावले पुढे, इतके अंश उजवीकडे’ अशी आज्ञा देऊन कासव चालवावयाचे असते. चौकोन हवा असेल, तर तो आधी स्वतः चालून पाहावा लागतो.

परंतु माऊसच्या एका ओढीने उमटणारा निर्दोष चौकोन मुलाचा नसतो, यंत्राचा असतो. शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत हालचालींच्या सुसूत्रतेचा विकासात्मक दोष आढळतो. अशा मुलाची अडचण पडद्यावर झाकली जाते आणि शिक्षक त्यास वहीतील अक्षरावरून आळशी ठरवितात. म्हणून आधी माती, मग चौकटीच्या वहीत त्याच किल्ल्याचे वरून, समोरून व बाजूने चित्र, आणि नंतर संगणक, हा क्रम मला योग्य वाटतो.

डॉक्टरमित्रांनी तपासणीच्या टेबलावर कोरा कागद व पेन्सिल अवश्य ठेवावी. दुसरी-तिसरीतील मुलास शंकरपाळा पाहून काढता येत नसेल, तर प्रथम दृष्टी तपासावी, पेन्सिलची पकड पाहावी, बटणे लावणे व चेंडू झेलणे जमते का हे आईस विचारावे, आणि शंका राहिल्यास बालविकासतज्ज्ञांकडे पाठवावे.