ठिणगी कुठे अडली? — जुन्या स्कूटरचे निदान

कला शाखेच्या अंकात स्कूटरच्या दुरुस्तीवर लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु तर्कशास्त्राच्या तासाला आपण जी व्यतिरेक पद्धती शिकतो, ती पुस्तकाबाहेर इतक्या स्वच्छपणे क्वचितच भेटते. बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावयाची आणि फळ बदलते का ते पाहावयाचे. बंद पडलेली जुनी चेतक हे त्यासाठी उत्तम उदाहरण होय.

बजाज कंपनीची चेतक १९७२ साली आली. आपल्या मराठवाड्याला ते वर्ष दुष्काळाचे म्हणून आठवते. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेतलेली ही स्कूटर प्रथम आकुर्डीला बनली. पुढे १९८५ मध्ये औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजलाही बजाजचा कारखाना झाला. २००९ साली कंपनीने स्कूटर बनविणेच थांबविण्याचे जाहीर केले. २०२० पासून त्याच नावाची विजेवरची स्कूटर विकली जाते; तिच्यात ठिणगीचा प्रश्नच उद्भवत नाही. जुन्या चेतकचा मालक मात्र गाडी रुसली की आधी ती उजव्या अंगावर कलती करतो, मग किका मारून घामाघूम होतो, आणि शेवटी प्लग, कंडेन्सर, कॉइल असे सगळे एकदम बदलून घेतो. गाडी सुरू होते हे खरे. पण दोष कशात होता हे कोणालाच कळत नाही आणि चांगला जुना माल भंगारात जातो. दूध घालून घर चालविणाऱ्यास हा खर्च लहान नसतो, आणि जुन्या गाडीचा अस्सल माल आता सहज मिळतही नाही.

प्रथम ठिणगी कशी जन्मते ते पाहू. १८३१ साली फॅरडेने दाखविले की, तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत वीज निर्माण होते. चेतकच्या फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसविलेले असतात आणि आतल्या स्थिर प्लेटवर कॉइल असते. किक मारली की चुंबक फिरतात व कॉइलमध्ये वीज येते. पॉइंट मिटलेला असेपर्यंत ती तेथल्या तेथेच अर्थ होते. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतो, विजेची ती वाट तुटते आणि ती बाहेरच्या एच.टी. कॉइलकडे उसळते. तेथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो व प्लगच्या फटीत ठिणगी पडते. उघडणाऱ्या पॉइंटवर वीज जळून वाया जाऊ नये म्हणून कंडेन्सर.

एवढे समजले की तपासणीचा क्रम आपोआप सुचतो. प्लग काढून पाहावा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, गाडी कलती करण्याचे कारण नाही. कोरडा असेल तर आधी पेट्रोलची वाट तपासावी. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर तेल जळत असल्याने प्लगवर काजळी धरते. म्हणून चांगला ठाऊक असलेला दुसरा प्लग टोपीत घालून, त्याचे लोखंड इंजिनाच्या पात्यांना टेकवून किक मारावी. हे सावलीत करावे, उन्हात ठिणगी दिसत नाही. सांडलेले पेट्रोल आधी पुसावे आणि प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. निळी, चटकन आवाज करणारी ठिणगी निरोगी. बारीक तांबूस ठिणगी अशक्त. ठिणगी नसेल तर टोपी काढून तारेचे उघडे टोक कोरड्या मुठीच्या पकडीने पात्यांपासून चार-पाच मिलिमीटरवर धरावे. आता पडली, तर दोष टोपीत.

येथवर बहुतेक जण येतात. पुढची पायरी मात्र वगळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. इंजिन बंद करण्याचे बटण काय करते? ते वीज अर्थ करते. म्हणजे ते बटण हा जणू कधीच न उघडणारा पॉइंट! हँडलमध्ये त्याची तार घासून पत्र्याला टेकली, तर कोणी हात न लावताही गाडी बंदच राहते. ती एक तार सोडवून किक मारावी. ठिणगी आली की निदान झाले, खर्च चिकटपट्टीचा.

नाही आली, तर फ्लायव्हीलच्या खिडकीतून पॉइंट पाहावा. पूर्ण उघडल्यावर फट साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर हवी. ती फिलर गेजने मोजावी. पॉइंटची टाच झिजली की फट बुजते. उलट सीलमधून तेल झिरपून पॉइंटवर बसले तर तो मिटूनही न मिटल्यासारखाच. बारीक पॉलिश पेपरने घासून नंतर कोरा कागद त्यातून ओढावा.

कंडेन्सर दोन तऱ्हांनी दगा देतो. आतून शॉर्ट झाला तर तोही न उघडणाऱ्या पॉइंटसारखाच वागतो. त्याची तार सोडवल्यावर अशक्त का होईना ठिणगी आली, तर चोर सापडला. आतून तुटला असेल तर पॉइंटवरच मोठी ठिणगी उडते आणि प्लगवर नाममात्र. गाडी थंड असताना सुरू होते, मांजरसुंब्याचा घाट चढताना तापून बंद पडते व अर्ध्या तासाने पुन्हा चालते, अशा वेळी कंडेन्सर किंवा कॉइल यांवर संशय घ्यावा. आणि तपासणी गाडी गरम असतानाच करावी. दवाखान्यात पोचताच ताप उतरलेल्या रोग्याचे निदान कसे होणार?

एवढे झाल्यावरच कॉइल बदलण्याचा विचार करावा, तोही दुसऱ्या चालू चेतकची कॉइल लावून पाहिल्यानंतर. आणि बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या जीप वा पद्मिनी मोटारीला बटणाचा हा नियम लावू नये. तेथे किल्ली वीज अर्थ करीत नाही, तोडते. म्हणून तेथे तार सोडून नव्हे, तर कॉइलपर्यंत वीज पोचते का हे टेस्ट लॅम्पने पाहून आरंभ करावा लागतो.