‘निरंक’ लिहिण्याआधी

महाराष्ट्रात अ, ब आणि क गटांतल्या राज्य कर्मचाऱ्यांनी 31 मार्चच्या स्थितीचं मत्ता व दायित्वांचं विवरणपत्र 31 मेपर्यंत द्यायचं असतं. मे सरत आला की घाई असते ती पाकीट एकदाचं आस्थापना शाखेत टाकण्याची. गेल्या वर्षीची झेरॉक्स पुढ्यात घ्यायची, तेच रकाने उतरवायचे, दायित्वांपुढे ‘निरंक’ लिहून सही करायची. मला हा शब्द सगळ्यांत महागात पडणारा वाटतो. आपण तो सवयीने लिहितो, पण चौकशी अधिकारी त्याला आपली जबानी समजून वाचतो. समजा, फ्लॅट घेताना सासऱ्यांकडून पाच लाख हातउसने घेतले आणि त्या वर्षी दाखवले नाहीत. पुढे अपसंपदेची, म्हणजे ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्तेची, चौकशी लागली, की तेच खरे पाच लाख मागाहून रचलेले वाटू लागतात. सामाईक सातबाऱ्याचंही तसंच. वडिलांच्या पश्चात फेरफार होऊन तिघा भावांची नावं चढली, तर आपला एक तृतीयांश हिस्सा त्याच वर्षी लिहावा. पुढे जमीन विकली की त्या पैशाचं मूळ कागदावर सापडतं.

यावर कायदा जाणणारे म्हणतील, 2018 च्या दुरुस्तीनंतर ही भीती कशाला? मुद्दा बरोबर आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पूर्वी उत्पन्न कायदेशीर असून भागत नसे, ते नियमांप्रमाणे कळवलेलंही असावं लागे. ती अट आता गेली. पण ते उत्पन्न होतं हे पटवून द्यावं लागतंच, आणि 1979 च्या वर्तणूक नियमांचा भंग केल्याची विभागीय चौकशी वेगळी. ‘ती पाकिटं उघडतो कोण?’ हेही एरवी खरंच. उघडतात ती संशय आल्यावर, आणि तेव्हा दुरुस्तीला उशीर झालेला असतो.

खाजगीपणाचा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. अकोल्यातल्या एका अंमलबजावणी अधिकाऱ्याच्या मालमत्तेची माहिती माहिती अधिकारात मागितली गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये असा तपशील व्यक्तिगत ठरवला. व्यापक जनहित दाखवल्याशिवाय तो मिळत नाही. उलट आयएएस अधिकाऱ्यांची स्थावर मालमत्ता संकेतस्थळावर कुणीही पाहावी. पण जगाला दाखवणं वेगळं आणि आपल्या खात्याला कळवणं वेगळं. पत्नीने स्वतःच्या पगारातून प्लॉट घेतला असेल, तर पैसा तिचा हे शेऱ्यात स्पष्ट लिहावं, कर्ज काढलं असेल तर त्या खात्याचा क्रमांकही द्यावा. आणि पाकीट बंद करण्याआधी एक प्रत काढून तिच्यावर आवक शाखेचा तारखेसह शिक्का घ्यावा. बदलीत फायली हरवतात, ही प्रत घरच्या कपाटात राहते.