छातीत कळ नाही, मग तपासणी कशाला?

प्रश्न : माझ्या वडिलांना पाच वर्षांपूर्वी स्टेंट घातला. मधुमेहही आहे. आजही पहाटे फुलांची टोपली घेऊन नालासोपाऱ्याचा पूल चढतात, मालडब्यातून दादरला जातात. छातीत एकदाही कळ आली नाही. तरी डॉक्टर ट्रेडमिलवर चालवून तपासणी करा म्हणतात. काहीच होत नसताना कशाला?
– एक वाचक, निर्मळ (वसई)

उत्तर : काही होत नाही हे कशावरून ठरवलंत? कळ नाही म्हणून ना? हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं, तर कळ सगळ्यात शेवटी येते. आधी तो स्नायू नीट सैल पडेनासा होतो, मग तेवढ्या भागाचं आकुंचन मंदावतं, मग ईसीजीत फरक दिसतो आणि त्यानंतर कुठे छातीत दुखतं. पुष्कळदा प्रकरण तिथवर जातच नाही. हृदयाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना दिवसभर होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र, लावून पाहिलं, की असे बहुतेक प्रसंग त्यांच्या नकळत होऊन गेलेले सापडतात. मधुमेहात तर वेदना पोचवणाऱ्या नसाच दुबळ्या झालेल्या असू शकतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या पाहणीत, १९८४ च्या अहवालानुसार, पुरुषांतले २८ आणि स्त्रियांतले ३५ टक्के हार्ट अटॅक त्या वेळी ओळखूच आले नव्हते; पुढे नेहमीच्या ईसीजीत कळले.

बाबांना जरा खोदून विचारा. टोपली पूर्वीइतकीच भरता का? पूल एका दमात चढता, की मध्येच कठड्याला धरून गाडी आली का बघत उभे राहता? ‘वय झालं’ म्हणून माणसं चाल कमी करतात आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. मधुमेह्याला लागणारी धाप ही कधी कधी कळेच्याच जागी आलेली असते.

आडवं पडून काढलेला ईसीजी अशा माणसाचाही साफ येऊ शकतो. म्हणून हृदयाला कामाला लावून पाहायचं. ट्रेडमिलच्या नेहमीच्या पद्धतीत दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. होल्टरमध्ये छातीला चिकटपट्ट्या आणि कमरेला छोटं यंत्र लावून माणूस २४ तास आपली कामं करतो, आणि कधी काय केलं ते वहीत लिहितो. (नॉर्मन होल्टर यांचं पहिलं यंत्र पाठीवर घ्यावं लागे, वजन सुमारे ३८ किलो!) आलेखातली एसटी रेषा एक बारीक चौकोन, म्हणजे १ मिलिमीटर, खाली गेली आणि निदान मिनिटभर तिथेच राहिली, तर ती नोंद धरतात. पूल चढण्याची वेळ वहीत असेल, तर ताळा जुळतो. स्टेंटवाल्यांत मात्र रक्त कुठे कमी पडतंय हे स्ट्रेस एको किंवा न्यूक्लिअर स्कॅन जास्त नेमकं सांगतात. स्कॅनला दिलेली वेळ चुकवू नका. त्यात टोचतात ते किरणोत्सारी टेक्नेशियम ६ तासांत निम्मं होतं.

आता दुसरी बाजू. सगळं ठीक असताना स्टेंटवाल्याला केवळ वर्ष झालं म्हणून पट्ट्यावर चढवणं मला पटत नाही. कोरियात जास्त धोक्याच्या १,७०६ स्टेंट रुग्णांवर नेमकं हेच तपासलं. निम्म्यांची वर्षभराने ठरवून तपासणी केली, बाकीच्यांची गरज पडली तरच. २०२२ साली निकाल आला : दोन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक वगैरेंत लक्षणीय फरक नाही. आणि दोष सापडला म्हणजे लगेच अँजिओप्लास्टी, असंही नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत स्थिर आजाराचे ५,१७९ रुग्ण होते. आधी नीट औषधं देऊन पाहणं आणि थेट अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास करणं, यांत मृत्यू आणि हार्ट अटॅक यांपुरता एकूण फरक दिसला नाही. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा पंपिंग फार घटलेले रुग्ण त्यात नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा, ‘तपासणी आत्ताच का?’ धाप वाढली, एकोत पंपिंग घटलं, ईसीजी बदलला, असं काही उत्तर आलं तर जरूर करा. ‘दरवर्षीचंच आहे’ म्हणाले, तर थांबता येईल का ते बोलून घ्या. ट्रेडमिलच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हेही त्यांनाच विचारा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नका.