चिंधी, वाटी आणि आईचा शब्द
(अभ्यासपाठ : एक ते तीन वर्षांच्या बालकांसाठी घरगुती खेळ)

मूल शाळेत गेले की शिकू लागते, तोपर्यंत ते नुसते वाढत असते, असा समज आपल्याकडे फार पक्का आहे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवरील मुडबीसारख्या गावांत या समजाला परिस्थितीचाही आधार मिळतो. तुरीच्या किंवा ज्वारीच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या आईला दिवसा सवड नसते. मूल आजीपाशी असते, नाहीतर सातआठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. अंगणवाडी आहे, २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून ती गावोगाव पोहोचली. पण तेथील शाळापूर्व शिक्षण मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते. त्याहून लहान मुलाच्या वाट्याला पूरक आहार, लसीकरणाची व्यवस्था आणि वजनाची नोंद येते. मग एक ते तीन या वयात त्याला शिकवायचे कोणी आणि कशाने, याचा विचार आपण या पाठात करू.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : या वयाचे मूल हाताने शिकते आणि त्याच क्षणी कानावर पडलेल्या शब्दाने शिकते. हाताला देण्याची वस्तू प्रत्येक घरात आहे. शब्दही घरातच आहे. दोन्ही एकत्र आणणारे माणूस तेवढे हवे.

१. कोसबाडचा धडा

सन १९४५ मध्ये ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज तो पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाईंना माँटेसरी पद्धत उत्तम ठाऊक होती. परंतु त्या पद्धतीची लाकडी साधने महाग, आणि समोरची मुले गरीब घरांतली व वारली पाड्यांवरची. तेव्हा त्यांनी पद्धतीचे मर्म ठेवले आणि साधने बदलली. पाने, बिया, खडे, शिंपले अशा परिसरातल्या वस्तू शिकवण्याची साधने झाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. थोरल्या मुलीने शाळेत यायचे तर तिच्या कडेवरच्या भावंडाची सोय हवी, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणणारी विकासवाडी उभी राहिली.

साधन गरिबाच्या घरचे असले म्हणून शिक्षण कमी प्रतीचे होत नाही, हा कोसबाडचा धडा आपण घ्यावा. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. बिया आणि खडे ही बालवाडीतल्या मोठ्या मुलांची साधने होत. एक-दोन वर्षांचे मूल हाती येईल ते तोंडात घालते. त्याच्यासाठी साधने निराळी हवीत.

२. जमैकाचा अनुभव

वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर, किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत, १९८६–८७ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. वयाच्या मानाने उंची खुंटलेली १२९ मुले त्यात होती; त्यांची वये ९ ते २४ महिने. यांपैकी काही मुलांच्या घरी एक आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाई. तिच्या पिशवीत टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी असत. मुलाशी कसे खेळावे, खेळताना काय बोलावे, हे ती आईला करून दाखवी. आठवडाभर खेळणे घरी ठेवी आणि पुढच्या खेपेला बदलून दुसरे देई.

सुमारे वीस वर्षांनी ही मुले कमावती झाल्यावर पुन्हा पाहणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांच्या घरी ती सेविका गेली होती त्यांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. ही करामत खेळण्याची नव्हती. खेळण्याच्या निमित्ताने आई मुलाशी बोलू लागली, त्याचे फळ हे होते. हीच पद्धत पुढे आपल्या देशात ओडिशातील कटक शहराच्या वस्त्यांत, स्थानिक स्त्रियांना शिकवून, वापरली गेली आणि तेथेही मुलांच्या बुद्धीच्या वाढीला तिचा लाभ दिसून आला.

३. घरातले सात खेळ

प्रत्येक खेळ पाच ते दहा मिनिटांचा धरावा. मुलाचे मन उडाले की खेळ थांबवावा. पुढे दिलेली वये अंदाजाची आहेत. कोणी मूल आधी करील, कोणी मागाहून.

(अ) वाट्या आणि डबे (एक वर्षापासून) : लहानमोठ्या तीन वाट्या किंवा डबे द्यावेत. मूल एकात एक घालील, पालथे घालील, वाजवील. आपण म्हणावे, "ही मोठी, ही लहान." चूक झाली तरी हात धरून सुधारू नये. मोठी वाटी लहान वाटीत बसत नाही, हे वाटीच त्याला सांगते.

(आ) आत आणि बाहेर (एक वर्षापासून) : एका टोपलीत चिंध्यांचा चेंडू, लाकडी पळी, दाणे काढलेले मक्याचे कणीस अशा चार-पाच मोठ्या वस्तू ठेवाव्यात. मूल त्या बाहेर काढते आणि पुन्हा टाकते. "आत", "बाहेर", "संपले", "पुन्हा" हे शब्द येथेच शिकता येतात.

(इ) पुठ्ठ्याचे खोके (चालू लागल्यावर) : दुकानातून आलेले रिकामे खोके घेऊन त्याच्या पिना काढून टाकाव्यात. मूल ते ढकलते, त्यात बसते, त्याच्यामागे लपते. पायांत बळ येते आणि "मागे", "पुढे" यांचा अर्थ अंगाला कळतो.

(ई) खुळखुळे (दीड वर्षापासून) : प्लास्टिकच्या दोन लहान बाटल्या घ्याव्यात. एकीत मूठभर ज्वारी, दुसरीत वाळू घालावी. झाकण घट्ट लावून वरून जाड कापड शिवून टाकावे. कोणता आवाज कोणत्या बाटलीचा, हे मूल ओळखू लागते. शिवण उसवली नाही ना, हे रोज पाहावे.

(उ) चिंध्यांची बाहुली (दीड वर्षापासून) : जुन्या लुगड्याची बाहुली करून डोळे, नाक, तोंड दोऱ्याने भरावे, गुंड्या किंवा मणी लावू नयेत. "बाहुलीचे नाक कुठे? तुझे नाक कुठे?" असे विचारावे. पुढे बाहुलीला निजवणे आणि भरवणे सुरू होते, आणि दुसऱ्याची काळजी घेण्याचा पहिला धडा मूल गिरवते.

(ऊ) कापडी पुस्तक (दोन वर्षांपासून) : गोधडी शिवणाऱ्या आजीला हे काम अवघड नाही. वीतभर चौकोनाची चार-पाच पाने करावीत. एका पानावर लाल तुकडा, एकावर खरखरीत तरट, एकावर मऊ फडके, एकावर कापडाचे पान किंवा मासा. पान उलटताना आजीने एकेक वाक्य सांगावे. हे पुस्तक फाटत नाही आणि धुताही येते.

(ए) पाणी आणि पीठ (दोन वर्षांपासून) : अंगणात लहान तांब्यातून पातेल्यात पाणी ओतू द्यावे. भाकरी करताना पिठाचा लहान गोळा त्याच्या हाती द्यावा, पण चुलीपासून दूर बसवून. थापणे, वळणे, चिमटीत धरणे यांतून बोटांना वळण लागते. पुढे लेखणी धरायची ती याच बोटांनी.

४. कोणत्या भाषेत बोलावे?

सीमाभागात हा प्रश्न नेहमी विचारला जातो. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी, आणि मुलाला पाठवायचे इंग्रजी शाळेत अशी अनेकांची स्थिती आहे. म्हणून काही पालक मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलतात, किंवा बोलणेच कमी करतात. आमच्या मते यात मुलाचे नुकसान होते. आईला जी भाषा मनापासून येते तीच या वयात द्यावी, कारण तिच्यात शब्द पुष्कळ असतात, गाणे असते, लटका राग असतो आणि लाडही असतो. शेजारच्या मावशींनी पाण्याला "नीरु" आणि दुधाला "हालु" म्हणून कन्नड शब्द शिकवले तर त्यांचे स्वागतच करावे. दोन भाषा कानी पडल्याने मूल बिघडत नाही. ज्या घरात कोणी त्याच्याशी बोलतच नाही, तेथे मात्र ते मागे राहते.

मोबाईलवरची गाणी हा बोलण्याला पर्याय नव्हे. मूल चुकीचे बोलले तर मोबाईल थांबत नाही, हसत नाही, उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर मुळीच बसवू नये, आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून एका तासाहून अधिक नको, त्याहून कमी तर बरेच, असे म्हटले आहे.

५. सावधगिरी

खेळ घरचा असला तरी धोका खराच असतो. पुढील गोष्टी घरातल्या सर्वांना, विशेषतः मूल सांभाळणाऱ्या थोरल्या बहिणीला, नीट सांगाव्यात.

• पावणेदोन इंचांहून कमी रुंदीची वस्तू तीन वर्षांखालील मुलाला खेळायला देऊ नये. चिंचोके, सीताफळाच्या बिया, हरभरे, शेंगदाणे, गोट्या, नाणी, घड्याळातल्या चपट्या बॅटऱ्या घशात अडकतात किंवा पोटात इजा करतात.
• गुंजा, एरंडाच्या बिया आणि धोत्र्याचे फळ विषारी आहे. दिसायला कितीही सुंदर असोत, ती खेळात नकोत.
• बादलीत वीतभर पाणी असले तरी मूल बुडू शकते. पाण्याचा खेळ चालू असताना तेथून उठू नये, आणि संपताच भांडे पालथे घालावे.
• ज्वारीच्या धाटांची बैलगाडी मोठी मुले हौसेने करतात. धाटाची साल धारदार असते, म्हणून ती गाडी लहानग्याने दुरून पाहावी.
• प्लास्टिकची पिशवी आणि लांब दोरी खेळायला देऊ नये.
• औषधाचे किंवा रानात फवारण्याच्या विषाचे रिकामे डबे आणि बाटल्या धुऊनसुद्धा वापरू नयेत.

६. शब्बाथ शाळेत

शब्बाथ शाळेला मोठ्या भावंडाबरोबर हे लहानगे येतेच. पुष्कळदा त्याला "गप्प बस" एवढेच ऐकायला मिळते. शिक्षकांनी एका कोपऱ्यात चटई घालून वर सांगितलेल्या दोन-तीन वस्तूंची टोपली ठेवावी आणि मंडळीतील एखाद्या आजीला तेथे बसण्याची विनंती करावी. मोठ्यांना निर्मितीचा पाठ चालू असेल तर येथे एक हिरवे पान, एक फूल आणि वाटीभर पाणी पुरे. हात लावणे, वास घेणे, नाव ऐकणे, एवढाच त्याचा पाठ.

आजीचे नाव आम्ही वारंवार घेतो त्याला कारण आहे. तीमथ्याच्या विश्वासाचा उगम सांगताना पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो (२ तीमथ्य १:५). आपल्या खेड्यांतही पहिल्या तीन वर्षांचे शिक्षण बहुधा आजीच्याच हाती असते. तिला अक्षरओळख नसेल, पण शब्द, गोष्टी आणि धीर तिच्यापाशी आहे. "मला काय येतंय?" असे ती म्हणेल, तेव्हा तिची समजूत काढणे आपले काम आहे. खुरपणीहून परतलेल्या आईलाही निराळा वेळ काढण्याचे ओझे वाटू नये. भाकरी थापताना, न्हाऊ घालताना, निजवताना दहा मिनिटे बोलत राहिले तरी पुष्कळ झाले.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत एक ते तीन वर्षांची मुले किती आहेत? दिवसा त्यांना कोण सांभाळते?
२. काल दिवसभरात आपण घरातल्या लहान मुलाशी काय काय बोललो? त्यात "नको", "थांब", "गप्प" हे शब्द किती वेळा आले?
३. वरील खेळांपैकी कोणते दोन आपल्या घरी आजच सुरू करता येतील?
४. महिला मंडळाने एक दुपार चिंध्या, सुया आणि दोरे घेऊन एकत्र बसायचे ठरवले, तर किती कापडी पुस्तके होतील आणि ती कोणत्या घरी द्यावीत?