जुन्या बेसबॉल कार्डांचा संच: कोणता घ्यावा, कितीला पडेल?

जुन्या बेसबॉल कार्डांचा संच जमवायचं ठरलं की माणूस आधी आपला आवडता खेळाडू कोणत्या वर्षीच्या संचात आहे ते बघतो. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर त्याआधी संचातली शेवटची शंभरेक कार्डं बघा. ‘टॉप्स’ ही अमेरिकी कंपनी १९७३पर्यंत वर्षाची सगळी कार्डं सहसा एकदम काढत नसे. बबलगमच्या पाकिटांतून ती हंगामभर टप्प्याटप्प्याने बाजारात येत. शेवटचा टप्पा येईपर्यंत मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असत, त्यांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं असे आणि दुकानदारही माल कमी मागवत. त्यामुळे त्या टप्प्यातली कार्डं थोडीच उरली. संग्राहक त्यांना ‘हाय नंबर’ म्हणतात. कितीतरी संच तिथेच अडून पडतात.

१९६७चा टॉप्स संच हे याचं चांगलं उदाहरण. त्यात ६०९ कार्डं आहेत. पहिली ५३३ सावकाश, खिशाला न बोचता जमतात. पुढच्या ७६ कार्डांत टॉम सीव्हर आणि रॉड करू या दोघांची पदार्पणाची कार्डं आहेत, आणि ज्याचं नावही कुणाला आठवत नाही अशा खेळाडूच्या कार्डालाही तिथे चांगला भाव असतो. १९५७च्या संचात अडचण मधेच येते: २६५ ते ३५२ हे क्रमांक तिथे कठीण. म्हणून कोणत्याही वर्षाची कार्डयादी हातात आली की दुर्मीळ टप्पा कुठून कुठपर्यंत आहे ते आधी शोधा आणि त्यातल्या साध्या कार्डाचा भाव काढा. पूर्ण संचाचा खर्च त्यावरूनच कळतो.

१९५२च्या टॉप्सचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. ४०७ कार्डांपैकी ३११व्या क्रमांकावर मिकी मँटल आहे, आणि तिथूनच शेवटचा टप्पा सुरू होतो. या टप्प्यातली न खपलेली खोकी १९६०मध्ये न्यू जर्सीजवळ अटलांटिकमध्ये बुडवल्याचं कंपनीचे साय बर्गर यांनी सांगितलं होतं. ऑगस्ट २०२२मध्ये या मँटलचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरना विकलं गेलं. फाटकं, घडी पडलेलं मँटलसुद्धा पाच आकडी डॉलर मागतं. हा संच मनात भरलाच असेल तर १ ते ३१० एवढंच उद्दिष्ट ठेवा. तसं करणारे संग्राहक बरेच आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही.

त्याहून जुनं हवं असेल तर १९०९–११च्या काळातली, सिगारेटच्या पाकिटांतून आलेली टी२०६ कार्डं आहेत. होनस वॅगनरचं कार्ड आणि आणखी तीन दुर्मीळ कार्डं वगळून ५२० कार्डांचा संच पूर्ण मानण्याची रीत आहे. साधं कार्ड झिजलेल्या अवस्थेत सरासरी ६० डॉलरना धरलं तरी हिशेब ३१,२०० डॉलरवर जातो, आणि टाय कॉबची चार कार्डं त्याच्या वर. अनेक वर्षं सवडीने जमवणार असाल तरच या वाटेला जा.

माझा कौल मात्र १९५६च्या टॉप्सला आहे. ३४० कार्डं आणि क्रमांक नसलेल्या दोन चेकलिस्ट, असा हा आटोपशीर संच. आडव्या कार्डावर एका बाजूला खेळाडूचा मोठा चेहरा आणि मागे मैदानावरचा प्रसंग. जॅकी रॉबिन्सनचा तो शेवटचा हंगाम, आणि मँटलने फलंदाजीतला ‘ट्रिपल क्राउन’ हा मान मिळवला तेही हेच वर्ष. टेड विल्यम्स, विली मेज, रोबेर्तो क्लेमेंटे, सँडी कोफॅक्स सगळे आहेत. हँक एरनच्या कार्डावरच्या छोट्या चित्रात तर चुकून विली मेजच घसरत होम प्लेटकडे येताना दिसतो! महत्त्वाचं म्हणजे या संचात शेवटी हाय नंबरचा डोंगर नाही, आणि मोठ्या खेळाडूंपैकी फार थोड्यांचं हे पदार्पणाचं कार्ड असल्याने भावही त्या मानाने सौम्य आहेत.

खर्च कसा धरायचा? कोपरे गोल झालेली पण चित्र स्वच्छ, अशा मध्यम अवस्थेतलं साधं कार्ड ५ ते १० डॉलरना मिळतं. अशी ३१० कार्डं सरासरी ८ डॉलरनी घेतली तर २,४८० डॉलर. उरलेल्या नामवंतांसाठी जवळपास तेवढेच, थोडे जास्तच बाजूला ठेवा. त्यातला मोठा वाटा एकटा मँटल घेईल. दोन्ही चेकलिस्टही स्वस्त नाहीत, कारण मुलांनी त्यांवर खुणा करून टाकल्या होत्या. एकंदर पाच-सहा हजार डॉलर, दोन-तीन वर्षांत विभागलेले. हीच कार्डं नव्यासारखी कोरी हवीत म्हणाल तर रक्कम अनेक पटींनी वाढते, म्हणून अवस्था पहिल्याच दिवशी ठरवा आणि ती बदलू नका. महागडी कार्डं आधी घ्या. साधी कार्डं कधीही मिळतात, पण मँटल मागे ठेवला तर संच बहुधा त्याच्याविनाच राहतो.

हातात पाचशे डॉलरच असतील तर १९७५चा टॉप्स घ्या. ६६० कार्डं, सगळी एकाच वेळी बाजारात आलेली, त्यामुळे दुर्मीळ टप्पाच नाही. जॉर्ज ब्रेट आणि रॉबिन यौंट यांची पदार्पणाची कार्डं त्यात आहेत. बऱ्या अवस्थेतला आख्खा संच साधारण ४०० ते ७०० डॉलरमध्ये मिळू शकतो. रंगीत कडांवर झीज चटकन दिसते, तेवढं पाहून घ्या.

वरखर्च विसरू नका. लिलावात बोलीवर वीसेक टक्के आकार लागतो. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना ६.६२५ टक्के विक्रीकर आणि टपालखर्च वेगळा. १९५२ ते १९५६ची टॉप्स कार्डं नेहमीपेक्षा मोठी असल्याने त्यांना नऊऐवजी आठ कप्प्यांची पानं लागतात. म्हणजे १९५६साठी ४३ पानं, आणि ती पीव्हीसी नसलेलीच घ्या. पीएसए किंवा एसजीसी या कंपन्यांकडून ग्रेडिंग, म्हणजे कार्डाची अस्सलता आणि अवस्था तपासून, करून घेण्याचा खर्च आठ डॉलरच्या कार्डाला परवडत नाही. मँटल, क्लेमेंटे यांसारखी कार्डं मात्र ग्रेड केलेलीच घ्यावीत, कारण बनावट आणि कडा कापून सरळ केलेली कार्डं बाजारात खूप फिरतात. १९८३मध्ये टॉप्सने १९५२च्या संचाची पुनर्छपाई केली. ती अडीच बाय साडेतीन इंचांची आहे, मूळ कार्ड त्याहून मोठं असतं. मोजपट्टी जवळ असू द्या. संच विकून नफा मिळवायचा बेत असेल तर व्यापारी बाजारभावापेक्षा बरेच कमी देतात आणि अशा वस्तूंवरच्या दीर्घकालीन नफ्यावर अमेरिकेत २८ टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागू शकतो, हे धरूनच चाला.

साध्या कार्डांची सुरुवात शंभर-दीडशेच्या एकगठ्ठा खरेदीने करा. सुट्यापेक्षा स्वस्त पडते. उरलेल्या क्रमांकांची यादी लिहून घेऊन उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय कार्ड मेळाव्याला जा. तिथे शेवटच्या दिवशी भाव करायला विक्रेते जास्त तयार असतात.