हातोडा पडल्यानंतरची माघार

प्रश्न : ऑनलाइन लिलावात कॅमेरा मिळाला, पैसे भरले; आता ‘भाव कमी आला’ म्हणून विक्रेता नकार देतो. लातूरच्या ग्राहकाने काय करावे?

उत्तर : माल विक्री अधिनियम, 1930 च्या कलम 64 नुसार हातोडा पडून किंवा अन्य रूढ रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होताच ती पक्की होते, त्यानंतर, राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल न विकण्याची मर्यादा, आधी ठेवलेली नसेल, तर कमी भावाची सबब लंगडीच ठरते. विक्रेता व्यावसायिक आणि खरेदी स्वतःच्या वापरासाठी असल्यास, 2019 च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार, विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार लातूरच्याच जिल्हा आयोगात 2 वर्षांच्या आत करता येते. घरची जुनी वस्तू एकदाच विकणाऱ्याविरुद्ध मात्र दिवाणी न्यायालयच गाठावे लागते. अंतिम बोलीचा स्क्रीनशॉट व पैसे भरल्याची पावती जपून ठेवून प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.